घर कोणाचे, गल्ली कोणाची?

मुठा नदीच्या पश्चिमेला असलेला डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता आणि एरंडवणे हा पट्टा आज पुण्याच्या ऐन मध्यात मोडतो. शंभर वर्षांपूर्वी ते उपनगर होते आणि त्याही आधी भांबुर्डा व एरंडवणे या गावांची शेते नि माळ. 1896-97 च्या प्लेगने पेठांमधल्या दाटीचा धसका पुणेकरांना बसवला. साथ आली की लोक गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. नदीपलीकडे कायमची वस्ती मात्र आधी संस्थांनी केली. फर्ग्युसन महाविद्यालयामागोमाग 1906 मध्ये डेक्कन जिमखाना, 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि 1924 मध्ये विधी महाविद्यालय उभे राहिले. संस्थांच्या मागून प्राध्यापक, वकील, डॉक्टर आणि सरकारी नोकर आले.

1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने या वस्तीला आकार दिला. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करून सरळ रस्ते आखायचे आणि मालकांना चौकोनी भूखंड परत द्यायचे, अशी ती पद्धत. तिथल्या जुन्या कागदांवर अजूनही 'फायनल प्लॉट नंबर' आढळतो तो त्यामुळे. 1933 मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचे नाव पडले. 1950 मध्ये शहर आणि उपनगर अशा दोन नगरपालिका मिळून पुणे महापालिका झाली. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांची दैना झाली आणि उपनगरांकडचा ओघ आणखी वाढला.

या पट्ट्यातले जुने घर ओळखू येते. काळ्या दगडाचे जोते, त्यावर दीड विटेच्या जाड भिंती, पुढे व्हरांडा, मागे विहीर किंवा हौद, सागवानी दारे, शहाबादी फरशी, वर मंगलोरी कौले किंवा नंतरची गच्ची. फाटकापाशी चाफा किंवा बूच, मागच्या अंगणात आंबा नि नारळ. भूखंडाचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा. अशी घरे एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी सहा-सात मजल्यांच्या इमारती येत आहेत.

हे योग्य की अयोग्य, याच्या दोन बाजू इथे एका नमुन्याच्या घरातल्या दोघांच्या तोंडी मांडल्या आहेत. भूखंड 5,000 चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे 465 चौरस मीटर. समोरचा रस्ता 9 मीटरचा. घर 1930 च्या दशकातले, तळमजला आणि वर एक मजला. पंचाहत्तरी ओलांडलेली आत्या बँकेतून निवृत्त झालेली असून त्या घरात एकटी राहते. घर पाडून इमारत बांधावी असे तिचे मत आहे. भाचा वास्तुविशारद आहे, कोथरूडला सदनिकेत राहतो आणि घर राखावे असे म्हणतो. वडीलधाऱ्यांना घर हवे आणि तरुणांना पैसा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात घराचा भार ज्याच्या अंगावर पडतो तो बहुधा पाडायच्या बाजूचा असतो, आणि जो लांबून येतो त्याला ते राखावेसे वाटते.

भिंती आणि ओल

आत्या : तू रविवारी येतोस, व्हरांड्यात चहा पितोस आणि म्हणतोस, काय सुरेख घर आहे. पावसाळ्यात ये. माजघराच्या भिंतीला हात लाव, पांढरा भुगा हाताला लागतो. दर दोन वर्षांनी रंग काढते, दर दोन वर्षांनी तो पापुद्र्यानं सुटतो.

भाचा : तो दोष घराचा नाही, आत्या, दुरुस्तीचा आहे. मूळ बांधकाम चुन्यातलं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वीस वर्षांपूर्वी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. आता आतली ओल आतच अडकते आणि मग विटेतला क्षार बाहेर येतो. गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा केला तर भिंत सुकेल.

आत्या : चुन्याचं काम करणारा गवंडी आण आधी.

भाचा : मिळतात. महाग पडतात, पण मिळतात.

आत्या : आणि गच्ची? वाळवी? जुनी वायरिंग? लोखंडी नळ गंजून त्यांतून करंगळीएवढं पाणी येतं. एकेक गोष्ट दुरुस्त होते रे, पण सगळ्या मिळून माझं पेन्शन खातात.

जुन्या घराच्या दुरुस्तीत दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. जाड भारवाहक भिंती सहसा टिकाऊ असतात. त्यांची ओल, वाळवी, गिलावा ही दुखणी बरी करता येतात. नंतर घातलेल्या सिमेंट काँक्रीटच्या गच्च्यांचे तसे नसते. पाणी झिरपून सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि छताचे ढलपे पडू लागतात. घर 'पडायला आले आहे' हे वाक्य दोन्ही बाबतींत सारखेच उच्चारले जाते. ते खरे की सोयीचे, हे फक्त स्ट्रक्चरल ऑडिट सांगते, आणि ते ऑडिट विकसकाने पाठवलेल्या अभियंत्याकडून करून घेण्यात अर्थ नसतो.

वारस

आत्या : घर माझ्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं. मृत्युपत्र केलं नाही. आम्ही तीन भावंडं, तीन वाटे. तुझा बाबा गेला, त्याचा वाटा तुझ्या आईकडे आणि तुझ्याकडे आला. धाकटी अमेरिकेत. घराची घरपट्टी मी भरते, गळती मी काढते, आणि वाटा मात्र तिघांचा सारखा.

भाचा : म्हणून तर म्हणतो, तू राहा. आम्ही कोणी मागतोय का?

आत्या : आज नाही मागत. माझ्यामागं मागणारे वाढतील. धाकटीची मुलं इथं कधी राहिली नाहीत. त्यांना या घराचं काय? तीन वाटे आहेत तोवर सह्या होतील. सात झाले की कोर्ट होईल.

भाचा : कोर्टातही राहतं घर परक्याच्या घशात लगेच जात नाही.

दोघांच्याही बोलण्याला कायद्याचा आधार आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगे, मुली, पत्नी आणि आई यांना समान मिळते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतचा संभ्रम दूर केला. जुने घर बहिणींच्या सहीशिवाय विकण्याची चाल त्यामुळे बंद झाली, आणि सह्यांची संख्या वाढली.

वाटपाचा 1893 चा कायदा या प्रश्नाला अजून लागू आहे. मिळकतीचे तुकडे पाडणे सोयीचे नसेल आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्शाच्या धन्यांनी मागणी केली, तर न्यायालय ती विकून पैसे वाटून देऊ शकते. पण राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेऊन वाटप मागितले, तर घरच्या सहहिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो. शिवाय, अशा बाहेरच्या खरेदीदाराला घरात एकत्र ताबा मागता येत नाही, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. थोडक्यात, कायदा घराला काही काळ आडोसा देतो. मात्र वारसांचे एकमत नसेल तर तो घर वाचवू शकत नाही.

चटई क्षेत्राचे गणित

आत्या : आता आकडे बोल. आज घर आहे बावीसशे चौरस फुटांचं. नव्या नियमांत किती होतं?

भाचा : रस्ता 9 मीटरचा आहे म्हणून मूळ चटई क्षेत्र प्लॉटच्या 1.10 पट, अधिमूल्य भरून 0.50, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे बांधकाम हक्क, विकत घेऊन 0.40. एकूण 2.00. म्हणजे दहा हजार चौरस फूट. त्यावर जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी साठ टक्के पूरक क्षेत्र, तेही पैसे भरून. सगळं मिळून सोळा हजार.

आत्या : म्हणजे दहा-बारा फ्लॅट. तिघांना एकेक मोठा किंवा दोन-दोन लहान, वर थोडी रक्कम. लिफ्ट, जनरेटर, खाली वॉचमन.

भाचा : आणि समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असता तर?

आत्या : तर?

भाचा : फक्त 1.10. पूरक धरून आठ हजार आठशे. कुठलाही बिल्डर फाटकापाशी फिरकला नसता. हे घर रस्त्याच्या रुंदीनं पाडायला निघालंय, वयानं नाही.

हे नियम डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतले आहेत. बांधकामाची मर्यादा तिने रस्त्याच्या रुंदीला बांधली. 12 मीटरच्या रस्त्यावर ती 2.25 होते, 15 मीटरवर 2.50, 24 मीटरवर 2.75 आणि 30 मीटरवर 3.00. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या पट्ट्यात, भूखंड मोठा आणि रस्ता रुंद असेल तर, ती 4.00 पर्यंत जाते. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा मेट्रोचा टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो डेक्कन जिमखान्यावरून पुढे गेला. त्यामुळे या गल्ल्यांपैकी बऱ्याच त्या पट्ट्यात आल्या.

रस्त्याची रुंदी इतकी मोलाची झाल्यावर अरुंद रस्ते रुंद करण्याची मागणी होणे ओघानेच आले. 2020 मध्येच पुणे महापालिकेच्या स्थायी समितीत 6 मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते 9 मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावरून मोठा वाद झाला. 6 चे 9 मीटर करायचे तर दोन्ही बाजूंच्या भूखंडांतून दीड-दीड मीटर घ्यावा लागतो. कुंपणालगतचा हा दीड मीटर म्हणजे चाफा, बूच, नारळ आणि जुन्या दगडी फाटकाचे खांब जिथे उभे असतात तीच पट्टी.

करारातही एक खाच आहे. बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला; महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण करते. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी सक्तीची नाही. नमुन्याचा भूखंड 465 चौरस मीटरचा आहे. तिथे काम अर्धवट राहिले तर मालकांच्या हाती उरतो तो फक्त त्यांनी केलेला करार. करापुरती एक सवलत आहे. नोंदणीकृत विकसन करार केलेल्या व्यक्तीला भांडवली नफ्यावरचा कर करार झाला त्या वर्षी न लागता इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाला त्या वर्षी लागतो. ही तरतूद 2017 च्या वित्त कायद्याने आणली.

झाडे, पाणी आणि गाड्या

भाचा : मागच्या उंबरावर धनेश बसतो, ते तूच मला लहानपणी दाखवलंस.

आत्या : आजही बसतो. मी काय नाही म्हणते?

भाचा : उंबर गेला तर कुठं बसेल?

आत्या : शेजारी.

भाचा : शेजारचाही करार झालाय, आत्या.

राखी धनेश हा पक्षी या पट्ट्यात अजून दिसतो. वड, पिंपळ आणि उंबराची फळे हे त्याचे मुख्य खाणे. वीण मोठ्या झाडाच्या ढोलीत होते. मादी आत बसते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. पिले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून एकेक फळ भरवत राहतो. अशी ढोली पडायला झाडाला कित्येक दशके जावी लागतात.

झाडे तोडण्यासाठी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले आणि झाड जितक्या वर्षांचे तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली. ती झाडे बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेतरी लागतात, कारण नव्या इमारतीच्या चारही बाजूंना गाड्या फिरतात आणि खाली मातीऐवजी काँक्रीट असते.

भाचा : आणि पाऊस? आज या अंगणात पडलेलं पाणी अंगणात मुरतं. उद्या सगळं रस्त्यावर येईल. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, वीसहून अधिक माणसं गेली.

आत्या : त्या पुराचं खापर आपल्या अंगणावर फोडू नकोस. ओढ्यात बांधकामं झाली, भिंती घातल्या, ओढा वळवला म्हणून ते झालं. आणि नव्या इमारतीत पाणी जिरवण्याची सोय करतातच की.

भाचा : ती सक्ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना आहे. आपला त्याच्या आत.

आत्या : पुन्हा पाचशे!

भाचा : पुन्हा पाचशे. एका प्लॉटला सूट दिली तर काही बिघडत नाही. पण या गल्लीतले सगळेच प्लॉट पाचशेच्या आत आहेत.

आत्याकडे यावर उत्तर नाही, आणि संपूर्ण वादाचे मर्म इथेच आहे. नियम एकेका भूखंडाकडे पाहतात. एका बंगल्याच्या जागी बारा घरे आली तर बारा स्वयंपाकघरे, निदान पंधरा गाड्या आणि एक कूपनलिका वाढते. तेवढे गल्ली सोसते. गल्लीत वीस भूखंड असतील तर अडीचशेच्या आसपास घरे होतात आणि जलवाहिनी, मैलावाहिनी व रस्ता मात्र वीस घरांसाठी आखलेलाच राहतो. बांधकाम करणाऱ्याकडून महापालिका विकास शुल्क आणि अधिमूल्य घेते. तो पैसा त्याच गल्लीची वाहिनी बदलण्यासाठी खर्च करावा, असे बंधन नाही.

शेजार

भाचा : फ्लॅटमध्ये शेजार नसतो. समोरच्या दारावरचं आडनाव माहीत असतं, एवढंच.

आत्या : इथं कुठं राहिलाय शेजार? डावीकडच्या बंगल्याला चार वर्षं कुलूप. उजवीकडं दातांचा दवाखाना. समोर कॅफे, रात्री अकरापर्यंत मोटारसायकली. त्याच्यापलीकडं क्लास. संध्याकाळी सातनंतर या गल्लीत राहणारी माणसं किती, मोज. मी गेल्या वर्षी न्हाणीघरात पडले तेव्हा दूधवाला आला म्हणून कळलं.

भाचा : तुला माझ्याकडं ये म्हटलं होतं.

आत्या : तुझ्याकडं पाहुणी म्हणून येईन. राहीन ती इथंच, याच गल्लीत. म्हणून तर इमारत हवी. वर-खाली माणसं हवीत.

घर वाचले म्हणजे वस्ती वाचली, असे होत नाही. मालक गेल्यावर बंगला भाड्याने दिला की तिथे दवाखाना, कपड्यांचे दुकान, उपाहारगृह किंवा शिकवणी वर्ग येतो. दर्शनी भाग जपला जातो, पाटी बदलते. वास्तूच्या दृष्टीने हे पाडण्यापेक्षा बरे. राहणाऱ्या माणसाला मात्र त्यात शेजारी मिळत नाही. उलट, पुनर्विकास झालेल्या इमारतीत जुने मालक परत राहायला आले तर गल्लीतली काही कुटुंबे गल्लीतच टिकतात. पेठांतले वाडे पडले तेव्हा अनेक भाडेकरू कुटुंबे उपनगरांत पांगली. इथे बहुतेक घरे मालकीची असल्याने तो प्रश्न कमी तीव्र आहे. तरीही जिथे मागच्या खोलीत जुना भाडेकरू राहतो, तिथे त्याचे हक्क आधी मिटवावे लागतात.

वारसा

भाचा : जिमखान्यावरच्या किती घरांवर महापालिकेचे निळे फलक आहेत, पाहा. विद्वान, संशोधक, लेखक याच गल्ल्यांत राहिले. या घरांत बसून त्यांनी कामं केली.

आत्या : पु. ल. देशपांडे कुठं राहत होते?

भाचा : भांडारकर रस्त्यावर. मालती-माधवमध्ये.

आत्या : बंगला आहे का तो?

भाचा : नाही. फ्लॅट.

आत्या : मग फ्लॅटमध्ये राहून माणूस पु. ल. होऊ शकतो. बंगला पाडला म्हणून पुण्याचं पुणेपण जाणार नाही.

भाचा : पु. लं.च्या त्या घराच्या आजूबाजूला तेव्हा बंगले होते, झाडं होती. ज्या गल्लीत त्यांनी इमारतीत घर घेतलं ती गल्ली बंगल्यांनी राखलेली होती.

या ठिकाणी दोघेही अर्धे बरोबर आहेत. सदनिका इथे 1960-70 च्या दशकांतच आल्या. 1963 मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आणि 1970 मध्ये अपार्टमेंट कायदा झाला. 1976 च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने पुण्यात 1,000 चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन बाळगणे अवघड केले. महाराष्ट्राने तो 2007 मध्ये रद्द केला. या काळातल्या तीन-चार मजली इमारती बंगल्यांमध्ये सामावून गेल्या, कारण त्यांची उंची झाडांच्या आत होती आणि त्यांची संख्या कमी होती. आजच्या इमारतीच्या तळाशी माणसे राहत नाहीत, गाड्या उभ्या राहतात. रस्त्याकडे पाहणारा व्हरांडा किंवा खिडकी पहिल्या मजल्याच्याही वर सुरू होते.

कायदेशीर वारसा दर्जाही मर्यादित आहे. महापालिकेच्या वारसा यादीत इमारतींना श्रेणी दिलेली असते. त्या यादीतल्या इमारतीचे न वापरलेले चटई क्षेत्र टीडीआर म्हणून विकण्याची तरतूद आहे, म्हणजे मालकाला इमारत न पाडता काही मोबदला मिळू शकतो. पण 1930 च्या दशकातला साधा मध्यमवर्गीय बंगला सहसा यादीत नसतो. तो एकटा उल्लेखनीय नसतो. तसे वीस बंगले ओळीने असले तर मात्र ती वस्ती उल्लेखनीय ठरते, आणि मोबदल्याचा नियम पुन्हा एकेका इमारतीलाच लागतो.

मधले मार्ग

आत्या : समजा, पाडायचं नाही. मग मी काय करू, ते सांग. नुसतं 'ठेव' म्हणू नकोस.

भाचा : तळमजल्यावर तुझी खोली, न्हाणीघर आत घेऊ, उंबरठे काढू, धरायला दांडे लावू. वरचा मजला स्वतंत्र जिना काढून एखाद्या कुटुंबाला भाड्यानं देऊ. दुरुस्तीचा खर्च तिघांत वाटू, नुसत्या सल्ल्यावर नाही.

आत्या : धाकटी देईल?

भाचा : तिला लेखी विचारू. नाही म्हणाली तर तिचा वाटा आपण दोघांनी घ्यायचा.

आत्या : पैसे?

भाचा : माझ्याकडं पुरेसे नाहीत.

आत्या : हं. आता तू खरं बोललास.

भाचा : मग दुसरा मार्ग. पाडू, पण चार मजल्यांत थांबू. टीडीआर घ्यायचाच नाही. मागचा उंबर आणि पुढचा बूच करारात नाव घालून राखायचा. सहा घरं.

आत्या : बिल्डर ऐकेल?

भाचा : मोठा नाही ऐकणार. तिघांनी मिळून ठेकेदार लावला, दोन-तीन घरं विकून खर्च काढला, तर कोणाला विचारायलाच नको.

असे मार्ग अस्तित्वात आहेत. पूर्ण जतन, दुरुस्ती करून अंशतः भाड्याने देणे, वारसांनी एकमेकांचे हिस्से विकत घेणे, स्वयंपुनर्विकास, मर्यादित उंचीची इमारत आणि पूर्ण क्षमतेचा प्रकल्प. ढोबळमानाने यांतला पुढचा पर्याय आधीच्यापेक्षा अधिक पैसा देतो आणि अधिक माती घेतो. निवड करताना कुटुंबे बहुधा पहिला आणि शेवटचा एवढेच पाहतात, कारण शेवटच्या पर्यायाचा प्रस्ताव घेऊन माणूस दाराशी येतो. मधल्या पर्यायांसाठी कोणी येत नाही. ते घरच्यांनाच शोधावे लागतात.

गल्लीच्या पातळीवरचा मार्ग याहून अवघड आहे, पण परिणामकारक तोच आहे. लगतच्या दोन-तीन भूखंडांनी एकत्र येऊन मोकळी जागा एका बाजूला सलग ठेवली तर मोठी झाडे वाचतात. एकत्र भूखंड 500 चौरस मीटरच्या वर गेला, आणि सदनिका आठहून अधिक झाल्या, की महारेराची नोंदणी आणि पाणी जिरवण्याची सक्ती आपोआप लागू होते. गल्लीतल्या सर्वांनी झाडांची गणना करून ती महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे नोंदवली, तर एकेका परवानगीच्या वेळी हरकत घेण्यास आधार मिळतो. वारसा यादीत एकेक घर घालण्याऐवजी गल्ली किंवा वसाहत म्हणून प्रस्ताव देणेही शक्य असते.

निर्णय

आत्याचा आग्रह रास्त आहे. एकट्या वृद्ध बाईने, तिघांच्या मालकीचे घर, शहराच्या आठवणींसाठी स्वतःच्या पेन्शनवर सांभाळावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. भाच्याचा आक्षेपही रास्त आहे. घर ज्या शांततेमुळे, सावलीमुळे आणि शेजारामुळे मोलाचे ठरले ते सर्व गल्लीने मिळून घडवले होते. इमारत त्याच मोलावर विकली जाते आणि तेच मोल कमी करत जाते. दोघांचा वाद घराबद्दल वाटतो. खरे तर घराचा निर्णय वारसांचा आहे आणि तो त्यांनीच घ्यावा. गल्लीचा निर्णय मात्र आज कोणीच घेत नाही. तो एकेका करारातून आपोआप होत जातो. नियमावलीने भूखंडाऐवजी गल्ली हे मोजमाप धरावे, एवढी सुधारणा झाली तरी हा तंटा निम्मा मिटेल.

तोवर ज्यांच्या फाटकाशी प्रस्ताव आला आहे त्यांनी सहीआधी काही गोष्टी कराव्यात. सर्व वारसांची नावे मिळकत पत्रिकेवर आणावीत. स्वतःच्या खर्चाने स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे. समोरच्या रस्त्याची अधिकृत रुंदी आणि रुंदीकरणाचा प्रस्ताव महापालिकेच्या नकाशावर तपासावा. राखायच्या झाडांची नावे व जागा करारात लिहाव्यात. कुलमुखत्यारपत्रात विक्रीचे अमर्याद अधिकार देऊ नयेत. आणि डावी-उजवीकडच्या शेजाऱ्यांना विचारावे, त्यांचाही करार व्हायचा आहे का. एकत्र बसून केलेला करार तिघांनाही अधिक फायद्याचा ठरतो, आणि गल्लीलाही.